बांगड्यांचं निमित्त

आमच्या घरात पाल चुकचुकली तरी तिची गोष्ट करून सांगणारी मी. विश्वास कुणी ठेवत नाही, पण ऐकतात सगळे. अशा मला माझ्या धाकट्या जावेनं दरवर्षी एकच साधी थाप मारली आणि मी ती मुकाट गिळली.

स्तनांच्या तपासणीचं शिबिर लागलं की आम्ही दोघी आर्णीला जायचो. घरी सांगायचं, बांगड्या भरायला चाललो. कारण एकदा खरं सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "दुखत नाही, खुपत नाही, अन् परक्यापुढं पदर काढाले चालल्या!"

थापेला पुरावा हवा. म्हणून दवाखान्याच्या दारात धाकटी म्हणायची, "बाई, तुमी जा आत. मी तवर कासाराकडून बांगड्या घेऊन येतो, मंग जातो." मी तपासून, लुगडं सावरून बाहेर येईपर्यंत ही बाकावर हजर. "झालं माहं. दुसऱ्या बाईनं पाह्यलं. तुमालेच लय वेळ लागते!"

तिनं आणलेल्या बांगड्या मला नेहमी घट्ट व्हायच्या. साबण लावून चढवायचे, आणि घराला कसं फसवलं म्हणून वर हसायचे.

यंदा संक्रांतीच्या सुमारास तिनं मला न्हाणीत ओढलं. "बाई, इथं हात लावा." बोराएवढी गाठ. मी म्हटलं, "अवं, तपासणीवालीच्या हाताले काहून नाही लागली हे?"

"मी आत गेलतीच कधी?"

"मंग कायले येत होती माह्यासंग?"

"तुमी एकट्या गेल्या नसत्या. अन् माह्यात काही निघालं असतं, तं पोरीचं लग्न जमलं असतं का?"

बांगड्या हातातच फोडाव्या, असं वाटलं.

घरी खरं सांगून तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं?"

"हो जी, दरवर्षी. ह्या बाईलेच इचारा."

माझ्यादेखत, वर मलाच साक्षीदार करून! जन्मभर राईचा पर्वत केलेल्या माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"नाही मॅडम. कधीच नाही."

तपासणीच्या खोलीत शिरताना जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरभर एवढ्या गोष्टी रंगवता. आज माह्यासाठी एक थाप नाही मारता आली तुमाले?"

"दगा कोणी केला वं?" असं ओरडायला तोंड उघडलं, तर दार लागलं होतं.