स्पंजातला सातवा मासा

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर एक काचेची बरणी आहे. तिच्यात हाताच्या पंजाएवढा स्पंज आहे, मधोमध उभा चिरलेला आणि पांढऱ्या सुतानं बांधलेला. तो मी चिरला आणि मीच बांधला. हे घराबाहेर एका माणसाला सोडून मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या एका माणसालाही फार उशिरा सांगितलं.

तेव्हा मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. राज्य नुकतंच नवं झालं होतं. आदल्या वर्षापर्यंत आमची राजधानी नागपूर होती, आता भोपाळ झाली. नागपूर, अमरावती, अकोला मुंबई राज्यात गेले आणि बुऱ्हाणपूर इकडे राहिलं. आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. केळी होती तिथंच होती आणि तापीही होती तिथूनच वाहत होती. कॉलेजात मात्र दर आठवड्याला नवं पत्रक येई. आमचे प्राणिशास्त्राचे सर अमरावतीचे. त्यांचं घर आता एका राज्यात होतं आणि नोकरी दुसऱ्या. शिवाय ती नोकरी हंगामी होती. विद्यापीठाची समिती येऊन बी.एस्सी.चा वर्ग मंजूर करणार होती, आणि त्याच वेळी सरांना कायम करायचं की दुसरा माणूस आणायचा हेही ठरणार होतं. "इधर का आदमी" मिळाला तर बरं, असं व्यवस्थापनातले लोक उघड बोलत.

सर गोड माणूस नव्हते. उत्तर चुकलं की म्हणत, "बसा, केळीवाले. हे सोलून खायचं नाही, समजून घ्यायचं असतं." वर्ग हसे. मीही हसत असे, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. पण बेडूक चिरायच्या तासाला ते माझ्या टेबलाशी जास्त वेळ थांबत. एकदा म्हणाले, "हात कुठं शिकलास रे हा?" मी म्हटलं, "केळीचे कंद साफ करतो, सर, लहानपणापासून." त्यानंतर कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेच्या चौथ्या वर्गापुढे गेलं नव्हतं. ती किल्ली मी करदोट्याला बांधून ठेवी.

तो स्पंज सरांचा स्वतःचा होता. विद्यार्थी असताना सहलीला रत्नागिरीला गेले होते, तिथं कोळ्यांच्या जाळ्यात आला. बदली होईल तिथं ते तो मांडीवर घेऊन आगगाडीनं नेत. बरणीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'स्पंज, रत्नागिरी'. खालची अर्धी चिठ्ठी कोरी होती. ती कोरी का ठेवली आहे हे मी कधी विचारलं नाही. विचारायची मला सवयच नव्हती. आपल्याला माहीत नाही हे दुसऱ्याला कळू नये, एवढीच माझी कॉलेजातली धडपड असे.

ज्या दिवशी सरांनी तो स्पंज बरणीतून काढून वर्गाला दाखवला, त्या दिवशी मी वर्गात नव्हतो. आमच्या केळीसाठी वॅगन मिळाली होती आणि मी दोन दिवस स्टेशनवर सुक्या पाल्यात घड लावत होतो. माझ्या नावाला मित्रानं "यस सर" म्हटलं. हजेरीपटावर मी हजर होतो. मी सगळं पाहिलं आहे असंच सर धरून चालले, त्यात त्यांची चूक नव्हती.

समिती यायच्या आदल्या दिवशी सर त्यांना आणायला खंडव्याला गेले. जाताना मला म्हणाले, "फॉर्मालिन गढूळ झालंय सगळ्या बरण्यांत. बदलून ठेव. साफ दिसलं पाहिजे."

मी दुपारी एकटाच कामाला लागलो. साप झाला, विंचू झाला, मग स्पंजाची बरणी उघडली. स्पंज थाळीत काढला तर त्याच्या एका भोकाच्या आत काहीतरी पांढुरकं दिसलं. वाकडं झालेलं, बोटाच्या पेराएवढं.

इथं मला आमच्या मळ्यातलं सांगावं लागेल. केळीच्या खोडात पांढरी अळी शिरते. बाहेरून झाड चांगलं दिसतं, आतून गाभा पोकळ होत जातो, आणि एक दिवस घडासकट झाड आडवं होतं. बाबांनी मला सात-आठ वर्षांचा असताना विळा दिला तेव्हाच बजावलं होतं, "कीड दिसली का मंग इचाराले घरी येऊ नको. तू घरी येशीन तवरोक ते दुसऱ्या झाडात जाईन." म्हणून आम्ही खोड उभं चिरतो, थरामागून थर उलगडतो आणि अळी काढून टाचेखाली घालतो. त्यात विचार करायचा नसतो, आणि जो विचार करत बसतो त्याला आमच्याकडे आळशी म्हणतात.

सरांचा जीव की प्राण असलेला स्पंज किडला आहे, आणि उद्या समिती येणार. मला खरंच भीती वाटली. आणि, हे लिहायला लाज वाटते, थोडा आनंदही झाला. जे सरांच्या लक्षात आलं नाही ते केळीवाल्याच्या लक्षात आलं.

मी ब्लेड घेतलं आणि स्पंज वरपासून खालपर्यंत एका रेषेत चिरला. आत नळ्याच नळ्या होत्या. एकेका नळीतून चिमट्यानं एकेक काढली आणि मोरीत टाकून वरून तांब्याभर पाणी ओतलं. सहा निघाल्या. फॉर्मालिननं सगळ्या आक्रसून वळल्या होत्या. चौथीला दोन काळे ठिपके दिसले होते. समुद्रातल्या अळीला डोळे असतील, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे अगदीच दिसलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

सातवं जे निघालं ते सरळ होतं. त्याला पर होते. चिमट्याच्या ओढीनं त्याची शेपटी अर्धी तुटली होती. ते मी काचेवर ठेवून भिंगाखाली पाहिलं. तोंड, डोळे, पोटाखाली वाटीसारखे जुळलेले दोन पर. तो मासा होता. मोरीतून सहा मासे गेले होते आणि मोरी बाहेर गटाराला मिळत होती. तरी मी बाहेर जाऊन गटारात हात घातला. काही हाती लागलं नाही.

कॉलेजच्या मागे माग चालतात. तिथून हातभर सूत मागून आणलं, स्पंजाचे दोन भाग जुळवून बांधले आणि चिरलेली बाजू भिंतीकडे करून बरणी ठेवली. सातवा मासा इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून खिशात टाकला. सर आले की आधी हे सांगायचं, असं ठरवलं. काय म्हणायचं ती वाक्यंसुद्धा पाठ केली.

सकाळी सर समितीबरोबरच आले. अंगात कोट होता. मी पुढे झालो, "सर, जरा..."

"नंतर. सगळं साफ आहे ना?"

"हो सर."

साफ होतंच.

समितीचे प्रमुख जाड चष्म्याचे, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. मागे प्राचार्य, व्यवस्थापनातले दोघे, आणि दाराशी आम्ही चार विद्यार्थी. प्रमुखांच्या हातात सरांचा अर्ज होता. त्यांनी तो वाचत म्हटलं, "ये बताइए, प्रोफेसर साहब, यह सात मछलियोंवाला स्पंज कौन-सा है? हम तो वही देखने आए हैं."

सरांनी अर्जात ते लिहिलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यावर ते लेख तयार करत होते, हेही.

सरांनी बरणी उतरवली. सूत पाहिलं. चेहरा किंचित बदलला, पण हात थांबले नाहीत. स्पंज थाळीत काढल्याबरोबर सूत सरकलं आणि दोन्ही भाग उघडे पडले. सर भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"कितनी हैं?" प्रमुखांनी विचारलं.

"कल तक सात थीं."

"और आज?"

सरांनी भिंग थाळीशेजारी ठेवलं.

प्रमुख हसून म्हणाले, "लगता है, साहब, मछलियाँ बंबई चली गईं. आजकल सब उधर ही जा रहे हैं."

व्यवस्थापनातले दोघे मोठ्यानं हसले. प्राचार्यही हसले, पण ओशाळून. मग प्राचार्यांनीच विचारलं, "चाबी किसके पास थी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "मेरे पास."

बाटली माझ्या खिशात होती. बुचावर माझा अंगठा होता. दोन पावलं पुढे जाऊन ती टेबलावर ठेवली असती तर सरांचा अर्ज खोटा नाही एवढं तरी दिसलं असतं. एक मासा होता, त्यावरून सात होते हे पटलं असतं. मला हे सगळं तेव्हाच कळत होतं. पण ते अजून हसत होते, आणि पुढचं हसू माझ्यावर येणार होतं. केळीवाल्यानं मासे अळ्या समजून मोरीत टाकले, हे मग कॉलेज सोडेपर्यंत मला चिकटलं असतं. मी अंगठा काढला नाही.

समिती पुढे रसायनशास्त्राकडे गेली.

महिन्याभरानं पत्र आलं. बी.एस्सी.चा वर्ग मंजूर झाला. सरांच्या जागी दुसरी नेमणूक झाली. पत्रात माशांचा उल्लेख नव्हता म्हणतात. कदाचित सगळं आधीच ठरलेलं असेल. तसं असेल, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी मला तो चौथा, काळ्या ठिपक्यांचा आठवतो.

घरी मी एवढंच सांगितलं की वर्ग मंजूर झाला, आणि सरांचा एक नमुना माझ्या हातून बिघडला. बाबांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, "कीड समजून काढली ना तू? मंग? त्याहिनंच सांगाचं होतं तुले, हे कीड नोय म्हनून." आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली. ते दोघं माझ्या बाजूचे होते, आणि त्यामुळे मला जास्तच एकटं वाटलं.

सर भुसावळकडच्या गाडीनं निघाले, त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. दोन ट्रंका, वळकटी आणि ते. पोचवायला दुसरं कुणी आलं नव्हतं. मला पाहून ते म्हणाले, "आज वॅगन आहे वाटतं?"

"नाही सर. तुमच्यासाठी आलो."

मी बाटली काढून दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"शेपटी तुटली."

"हो सर."

"आणि बाकीचे सहा?"

"मोरीत गेले, सर. मला कीड वाटली."

त्यांनी बाटली खाली केली. "तुमच्याकडे कीड लागली की काय करतात?"

"जास्त असली तर झाडच उपटतात."

"मग स्पंज ठेवलास हे उपकारच म्हणायचे." ते हसले, पण ते हसणं वर्गातलं नव्हतं. "कोकणात खाडीच्या चिखलात निवटे उड्या मारतात. त्यांचेच हे चुलतभाऊ. गोबी म्हणतात. लहानपणी एकदा स्पंजात शिरले की बहुधा जन्मभर बाहेर येत नाहीत. लोक म्हणणार, फुकटचे राहतात. माझा अंदाज वेगळा होता. स्पंजात खरी कीड असते, बारीक सुतासारखे किडे. मला वाटतं, हे ते खातात. पोट फाडून बघायचं होतं. सात असते तर काही म्हणता आलं असतं. एकावरून काय म्हणणार?"

मी म्हटलं, "मी वर्गात नव्हतो, सर, त्या दिवशी. माझी हजेरी मित्रानं दिली."

"असं." त्यांनी गाडीच्या दिशेनं पाहिलं. मग सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "समिती आली तेव्हा हा कुठं होता?"

"खिशात, सर."

गाडी आली होती. हमालानं ट्रंका चढवल्या. सरांनी बाटली माझ्या हातात परत ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि म्हणाले, "मग तिथंच राहू दे."

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मी रडलो असतो आणि बहुतेक मोकळा झालो असतो.

आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नवे सर इंदूरकडचे आहेत, स्वभावानं चांगले आहेत, मला केळीवाला म्हणत नाहीत. कपाटाची किल्ली त्यांनीही माझ्याकडेच दिली. स्पंज सर विसरले की मुद्दाम ठेवून गेले, मला माहीत नाही. दर वर्षी मी बरणीतलं फॉर्मालिन बदलतो. सूत पिवळं पडलेलं असतं, तेही बदलतो. चिठ्ठी सरांचीच आहे. खालची अर्धी जागा त्या माशांसाठी कोरी होती, हे आता मला कळतं.

गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाचा एक मुलगा बरणीशी उभा राहून म्हणाला, "भय्या, ये बांधला कायले आहे? आत काही होतं का?"

बाटली माझ्या पेटीत आहे, हे मला ठाऊक होतं. पुढे काय बोलायचं तेही माझं पाठ होतं, पहिल्या दिवसापासून.

"नाही," मी म्हटलं. "स्पंज आहे नुसता."

त्यानं वहीत तसं लिहून घेतलं.