वकीलसाहेब नाही म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवापुढं हात जोडले तरी भलतंच काहीतरी पुटपुटून मोकळा होतो. तुम्हाला सांगतो — पण सलग जमेलच असं नाही, मध्येच उठून दोन फेऱ्या मारीन.

मला सकाळची मोटार आवडायची. इथूनच सुरुवात करायला हवी. आमचं गाव अमडापूर, आणि मी चिखलीला एका वकीलसाहेबांकडं लिखाणाला. दावे, अर्ज, त्यांच्या नकला — अक्षर चांगलं, म्हणून साहेबांचा माझ्यावर जीव. इस्त्रीचा सदरा घालून मोटारीत बसलो की मी माणसांत यायचो. स्टँडवरचा चहा, दोस्तांच्या चकाट्या, 'काय बे, आज उशीर?' — हे सोडून घरी बसायचं? छ्या!

आणि घरी काय होतं? बाबा होते. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. काही हवं असलं की डाव्या हातानं पेला खाटेवर आपटायचे — पाणी हवं, कूस बदलायची, कधी नुसतं कुणीतरी जवळ हवं. आई आधीच गेलेली. त्यांचं सगळं सुमन करायची, माझी बायको. मला मात्र रविवारी दिवसभर तो पेला ऐकून डोकं उठायचं. बाप होता हो माझा! तरी उठायचं.

त्याच वर्षी सुमनला नोकरीचा हुकूम आला. गावातल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण. सातवी पास होती, हुशार. त्या दिवशी ती चुलीपुढं स्वतःशीच हसत होती, भाकर करपली तरी तिला कळलं नाही. शाळा अगदी हाकेच्या अंतरावर — पण शाळेच्या वेळात बाबांजवळ कोण बसणार?

तोडगा तिनंच काढला. 'तुमच्या साहेबाले इचारून पाहा ना. कागद घरी आणून लिहा. मोटारीच्या कंडक्टरजवळ देले की चिखलीले पोचतात.'

विचारलं. खरंच विचारलं — निदान एवढं तरी केलं, असं मी मनाला किती वेळा बजावलं असेल! आणि साहेब काय म्हणाले? 'अरे, मग लाजतोस कशाला? ने घरी. बापापेक्षा कचेरी मोठी का?'

संध्याकाळी परतलो. सुमन दारातच उभी. आत पेला वाजत होता. आणि मला एकदम दिसलं — उद्यापासून मी, ती खाट, तो पेला, आणि ही चालली धुतलेलं लुगडं नेसून शाळेत. वहाणा काढता काढता मी म्हणालो, 'नाही म्हणाले.'

झालं. एवढंच. तिनं आत जाऊन बाबांना पाणी पाजलं. शाळेत दुसरी बाई लागली. मी सकाळी मोटारीत खिडकीची जागा धरली.

दोनेक वर्षांनी बाबा गेले. साहेब भेटायला आले. चहा ठेवता ठेवता सुमन म्हणाली, 'साहेब, चार कागद घरी देले असते तर तुमचं काय गेलं असतं? माही नोकरी गेली.'

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वकील माणूस, त्यांना उलगडायला कितीसा वेळ? मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो. तेव्हा तरी तोंड उघडता आलं नसतं? नाही उघडलं. साहेब तिला म्हणाले, 'चुकलं बाई माझं.' चहा संपवला आणि गेले. कचेरीत तो विषय त्यांनी कधी काढला नाही. फक्त मला 'अरे' म्हणायचं सोडलं. 'अहो' म्हणू लागले.

मी अजून त्याच मोटारीनं जातो. ती त्या शाळेवरून जाते. मी आता दुसऱ्या बाजूला बसतो.

सुमन कधीमधी म्हणते, 'तुमच्या साहेबानं निदान चूक कबूल केली. त्याले मोठं मन लागते.'

मी 'हो' म्हणतो, आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठतो.