धुतलेली म्हैस परत चिखलात

एक पांढरा शर्ट, उजव्या पायाची चप्पल आणि अख्खी सकाळ... परवा एका संशयापायी माझं एवढं गेलं.

वैशाखरे गावी म्हैस बघायला गेलो होतो. सायकलवरून दूध घालत सुरुवात केली, आज मुरबाडला बारा म्हशींचा गोठा आहे... बघायला गेलेली म्हैस टेम्पोत घातल्याशिवाय मी परतत नाही, असं निघताना बायकोला ऐकवलंही होतं.

म्हैस विकणाऱ्या काकू एकट्याच राहतात. गुडघे गेलेत, आता चारा आणवत नाही. पण म्हैस समोर आली ती शिंगांपासून शेपटीपर्यंत चिखलाने लडबडलेली... आणि काकू तिच्या गळ्यात पडून रडतायत.

गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर लोक म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून उभी करतात. इथे उलटंच! त्यात शेजारीण कुजबुजली, ते माझ्या कानांनी टिपलंच... "सकाळी धुतलीस ना गो, मग परत डबक्यात कशाला सोडलीस?" काकूंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

झालं. कास सुजलेली असणार, नाहीतर कातडीला खरूज... रडून भाव वाढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हटलं, "काकू, धुऊन बघतो." बादली घेऊन मीच भिडलो. तेवढ्यात म्हैस उधळली ती थेट डबक्यात... आणि दावं धरून मागोमाग मी! चप्पल तिथेच रुतली.

बाहेर काढून अर्धा तास घासली. डाग नाही, ओरखडा नाही. कास लोण्यासारखी मऊ.

"मग चिखल कशाला, काकू?"

"तुमीच फोनवर सांगितलंत ना, गोठ्यात रबरी मॅट हाय, पंखा हाय. डबकं हाय का इचारलं, तर हसलात. म्हटलं, आज शेवटचं मनासारखं लोळून घेऊ दे तिला..."

ओल्या खिशातून मी इसाराचे पैसे काढून पुढे केले... काकूंनी डोळे पुसले, पण दावं काही माझ्या हाती दिलं नाही.

"तुमी धुऊन बघितलीत ना? आता मी पन तुमचा गोठा येऊन बघनार. आधी डबकं खना, मंग बोलू." शेजारीण फिस्सकन हसली.

कालपासून गोठ्यामागे खणायला घेतलंय. माझ्यावरच संशय घेणारं माणूस कितीतरी वर्षांनी भेटलं... खरं सांगतो, बरं वाटलं.

परवा टेम्पो मात्र रिकामाच परत आला.