बहुमत नसलेले प्रेसिडेंट

अमेरिकेचा कारभार अमेरिकेबाहेर कुणाला खरा कळला असेल, तर तो सौदीतल्या हुफूफजवळच्या आमच्या कॅम्पातल्या वेल्डर चाचांना. रत्नागिरीकडचा हा माणूस अमेरिकेला कधी गेला नाही, पण तिथलं एखादं बिल अडकलं की चेहरा असा करायचा, जणू स्वतःचाच इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकलाय. जेवताना कानात बातम्या आणि समोर मी. माझी शाळा आठवीत सुटलेली. मला वाटायचं, प्रेसिडेंट म्हणाला की झालं. "काय झालं?" चाचा म्हणायचे. "कायदा करायचा तर दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. एकात जरी समोरच्या पक्षाचं बहुमत असलं तरी याचं बिल तिथंच बसतं. आणि त्यांनी आपलं बिल पाठवलं, तर हा सही अडवतो. यल्ला, पाणी दे."

हेच त्यांनी आमच्या मेसमध्ये आणलं. सगळ्या कॅम्पानं मिळून एक प्रेसिडेंट निवडायचा, आणि प्रत्येक खोलीनं कमिटीवर एक माणूस. कमिटीनं मंजूर करायचं, प्रेसिडेंटनं सही करायची, तेव्हा कुठे पातेलं चढायचं. त्या वर्षी चाचा दणक्यात निवडून आले आणि कमिटी गेली मटणवाल्यांकडे. ते शुक्रवारी मटण मंजूर करायचे आणि चाचा सही नाकारायचे, कारण शुक्रवार बांगड्याचा. बांगड्यासाठी त्यांनी एकदा जेद्द्यातलं एक लग्न चुकवलं होतं. उलट चाचांनी काही मांडलं की कमिटीचं उत्तर एकच, "खलास."

त्यात मला कावीळ झाली. डॉक्टरनं तेल-तिखट बंद केलं आणि मेसचा रस्सा तर लालभडक. पोटात काही ठरेना, ड्यूटीवर उभं राहवेना. काम गेलं तर कुठल्या तोंडानं घरी जायचं, हीच धास्ती. चाचांनी माझ्या पेजेचा ठराव मांडला. पडला. एकाला वेगळं दिलं की उद्या सगळे मागतील, असं कमिटीचं म्हणणं.

"चाचा, आचाऱ्याला नुसतं सांगा ना. तुम्ही प्रेसिडेंट आहात."

"म्हणूनच सांगत नाही. आज मी पेज घुसवली, तर पुढचा प्रेसिडेंट काय काय घुसवील?"

मला रागच आला. पण संध्याकाळी ते मला घेऊन मटणवाल्यांच्या म्होरक्याकडे, कोल्हापूरच्या फिटरकडे, चहाला जाऊन बसले.

"शुक्रवारच्या मटणावर सही करतो," चाचा म्हणाले. "तुम्ही पेज मंजूर करा. नुसती याची नाही, जो आजारी पडेल त्याची."

फिटर बघतच राहिला. "आणि बांगडा हो?"

"तो काय, आहे गावच्या समुद्रात."

त्या शुक्रवारी चाचा मटणाच्या ताटासमोर मयतीला आल्यासारखे बसले होते. शेजारी मी गरम पेज पीत होतो, आणि अख्ख्या मेसमध्ये माझ्याइतकं ताठ कुणी बसलं नव्हतं. माझ्यासाठी कायदा झाला होता, तोही रीतसर.

चाचा आता कायमचे गावी गेले. प्रेसिडेंट मी आहे, आणि कमिटी अजून मटणवाल्यांचीच. दर शुक्रवारी चाचांचा फोन येतो.

"काही पास झालं का रे?"

"नाही चाचा. सगळं अडकलंय."

"आणि पेज?"

"ती चालू आहे. काल नव्या सुताराला दिली. ताप होता त्याला."

पलीकडून नुसता तव्यावरच्या बांगड्याचा तडतडाट ऐकू येत राहतो, आणि मीही फोन ठेवत नाही.