ड्रॅगन पुसणार नाही

दिराच्या लग्नाआधी घर रंगवायला काढलं, तेव्हा दर्शनी भिंतीवर काय काढायचं हे सासूबाईंनी माझ्यावर सोडलं. मी सांगलीला चित्रकला शिकलेली, सासर कोरेगावजवळचं. मोर, कलश, वेलबुट्टी, असंच काहीतरी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी ड्रॅगन काढला.

कॉलेजात असताना एका पुस्तकात तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारातली जुनी रेखाटनं पाहिली होती. बोरू आणि काळी शाई, बस्स. लांब, वळलेली, करवतीसारखे दाते असलेली पानं, एक पान दुसऱ्याला भोसकून पलीकडे निघालेलं, आणि त्या गर्दीत अंग पिळून बसलेला ड्रॅगन. शेपूट कुठं संपतं नि देठ कुठं सुरू होतो, कळतच नाही. तसली रेघ यावी म्हणून मी वसतिगृहात बोटं काळी करत बसायची. लग्नानंतर ते सगळं बंद पडलं होतं.

भिंत पुरी झाली त्या दुपारी चुलत सासरे आले. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

"ह्ये काय काढलंय? मगर का साप?"

"ड्रॅगन आहे, आण्णा. तुर्की दरबारातल्या चित्रांवरून काढलाय."

"तुर्काचं चित्र आपल्या दारात? पावणं काय म्हणतील? उद्या चुना मारून घे."

"मी नाही मारणार." मी म्हटलं. "चित्र वाईट असेल तर सांगा, दुरुस्त करते. कुठून आलं म्हणून पुसणार नाही."

दुसऱ्या सकाळी त्यांनी रंगारी पाठवला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे गं, लग्नापुरतं." मी हलले नाही. रंगारी बादली धरून नुसता बघत होता. शेवटी सासूबाई बाहेर आल्या.

"मला बी त्याच्या तोंडाचं भ्या वाटतंय," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या, "पर भिंत माझ्या घराची हाय, अन् काम मी सुनंला सांगितलंय. तुमी जावा."

तो गेला.

लग्नात आण्णा भिंतीकडे पाठ करून बसले. पाहुण्यांत कुणी हसलं, कुणी फोटो काढले. आण्णा अजूनही आमच्याकडे मागच्या दारानं येतात. त्या दाराजवळची भिंत कोरीच होती. यंदा मी तीही रंगवायला घेतली आहे. पानं झालीत, ड्रॅगन अजून यायचा आहे.