पाहुण्यांनी बांधलेली भिंत

परदेशातून सेवा करायला आलेल्या माणसांचं कौतुक कुणी माझ्यासमोर सुरू केलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आता म्हातारी झाले, तरी जाते. सून म्हणते, "जाऊ द्या ना आई, किती वर्षं झाली त्याला!" का जाऊ द्यायचं? त्या भिंतीचं खापर माझ्या बापाच्या डोक्यावर फुटलं, तिच्या नाही.

आमच्या वसईत चर्चला देऊळच म्हणतात. गावचं जुनं देऊळ मोडकळीला आलं म्हणून उतरवलं आणि नवं बांधायला घेतलं, तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. घरटी एक माणूस, आठवड्यातून एक दिवस, असं ठरलं होतं. मजुरी कुणालाच नाही. बाबा गावचे मेस्त्री, म्हणजे सगळ्या गवंड्यांचे मुख्य, तेव्हा ते रोजच तिथे. आमच्या घराचा दिवस मी भरायचे. एकोणीस वर्षांची होते. दोन वर्षं डोक्यावर घमेलं घेऊन त्या बांबूच्या परांचीवर चढले-उतरले आहे, मला कुणी सेवा शिकवायला नको.

बाबांची एकच अट होती. रेती नदीचीच हवी. ती चांदीपच्या बाजूहून बैलगाडीने यायची, एका खेपेला अख्खा दिवस मोडायचा. समुद्र हाकेच्या अंतरावर, रेतीच रेती, पण तिला हात लावायचा नाही. खारी रेती भिंतीत गेली की मीठ आत बसतं, पावसाळ्यात ओल ओढतं, मग भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा पापडासारखा सुटतो. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

मग ते आले. आठ गोरे तरुण आणि त्यांचा एक म्होरक्या. बोटीने मुंबईला उतरून आमच्या गावी, तीन आठवडे देऊळ बांधायला. विगार, म्हणजे आमच्या देवळाचे मुख्य फादर, यांनी आम्हा बायकांना सांगितलं, "तुम्ही आता जरा सावलीत बसा. पाहुण्यांना काम करू द्या." दोन वर्षांत आम्हाला कुणी बसा म्हटलं नव्हतं! आम्ही बसलो. माडाखाली बसून ती पोरं आमचीच घमेली उचलताना बघितली. एकेक घमेलं उचललं की फोटो. पोरं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू? उन्हाने खांदे सोलवटले तरी हटली नाहीत. पण वेदीमागची भिंत आपल्याच हातून पुरी व्हावी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि त्यांच्या बोटीची तारीख ठरलेली होती.

नेमकी नदीची रेती संपली. भात झोडायचे दिवस, गाड्या सगळ्या शेतांवर. बाबा म्हणाले, आठ दिवस थांबू. पाहुण्यांना कुठले आठ दिवस? एका सकाळी टोपल्या घेऊन ते राजोडीच्या किनाऱ्यावर गेले, रांग लावली आणि भजनं गात गात समुद्राची रेती देवळाच्या अंगणात आणून ओतली. गाव काय करत होतं? टाळ्या वाजवत होतं. आमच्या माणसांची ही खोड मला अजून सहन होत नाही. घरच्याने चूक केली तर चारचौघांत त्याची सालटी काढतील, आणि पाहुण्याने केली तर हसून मान डोलावतील.

बाबा तेवढे विगारांकडे गेले. मी मागोमाग होते.

"फादर, ही रेती नाय चालत. भिंत पानी धरील."

"मेस्त्री, एवढ्या लांबून आलेत हो ते. चार दिवस राहिलेत. त्यांचं मन मोडू नका."

"मन ऱ्हाईल, फादर. भिंत नाय ऱ्हायची."

"ते माझ्यावर सोडा," विगार म्हणाले.

बाबांनी सोडलं. भिंत उभी राहिली, ओळंब्यात, सरळ, कारण शेवटी प्रत्येक थर बाबांनीच तपासला. पाहुण्यांना हार घातले. केळी, नारळ, सुकेळी देऊन बोटीवर पाठवलं. बिचारी पोरं रडली म्हणे.

पुढच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, भिंत पांढरी पडायला लागली. मग गिलावा सुटला. एका रविवारी त्या अर्धवट देवळातच मिस्सा, म्हणजे प्रार्थना, चालू असताना टोपलीभर ढलपा वेदीवर कोसळला. नशीब, कुणाला लागलं नाही. त्याच दिवशी देवळाच्या अंगणात गाव जमलं. इतकी वर्षं घाम गाळलेली माणसं ती, चिडणारच. कुणीतरी ओरडलं, "मेस्त्री, तुम्ही काय डोळे मिटून काम केलंत काय?"

मी विगारांकडे बघितलं. त्यांच्यावर सोडलं होतं ना? ते खाली बघत माळेचे मणी फिरवत होते. माझा संताप अनावर झाला. मी पुढे झाले, "रेती पाहुण्यांनी आणली, आणि फादरांनी..."

"गप," बाबा म्हणाले. मग लोकांकडे वळून, "रेतीला मीच हो म्हटलं. माझी चूक झाली."

देवा सायबा! त्या बापाचा मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललेसुद्धा नाही. घरी विचारलं, का खोटं बोललात? म्हणाले, "गावाचा फादरवरचा इश्वास उडला तर उद्या देवळाला वीट कोन देईल, बाय?"

देऊळ पुरं करायला बाहेरगावचा मेस्त्री आणला. बाबा त्याच्या हाताखाली थापी धरून राहिले. ज्या देवळाचा पाया त्यांनी आखला होता, तिथे त्यांना कालची पोरं शिकवू लागली, मेस्त्री, रेती चाखून घ्या हां! आणि हसायची. बाबाही हसायचे.

दोन वर्षांनी विगारांची बदली ठरली. जायच्या आठवड्यात ते आमच्या घरी आले, ओटीवर नाही, थेट स्वयंपाकघरात, कुणी बघू नये म्हणून. अख्ख्या गावाची पापं ऐकणारा माणूस आमच्या चुलीशी उभा राहून बाबांना म्हणाला, "मेस्त्री, माझं चुकलं. मला क्षमा करा." बाबांनी घाईघाईने त्यांचे हात धरले, "असं नका बोलू, फादर."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "इथे कसली क्षमा, फादर? रविवारी मिस्साला सांगा, सगळ्यांसमोर."

विगारांनी मान हलवली. होय अशी हलवली, मी डोळ्यांनी बघितलं. ते गेल्यावर बाबा माझ्यावर भडकले. "फादरला असं बोलतात? मला कशाला पायजे लोकांसमोर? माझं काय अडलंय?"

रविवारी मात्र बाबांनी लग्नातला कोट काढला. मागे दाराशी बसणारा माणूस त्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसला, हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ. विगारांनी निरोपाचं भाषण केलं. गावाचे आभार मानले, नव्या मेस्त्रीचे मानले. दूरदेशीच्या त्या तरुणांची आठवण काढताना त्यांचा आवाज भरून आला. आणि आशीर्वाद देऊन ते वेदीमागच्या खोलीत गेले.

देऊळ रिकामं झालं. बाबा हलेनात. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, चला."

"थांब बाय," ते म्हणाले, त्या खोलीच्या दाराकडे बघत. "फादर झगा उतरवत असतील. आता येतील."

मागच्या दाराने निघालेली विगारांची घोडागाडी मला खिडकीतून दिसत होती. मी बाबांच्या शेजारी बसले.