सरक रे, मी करते

मॅडमच्या व्हिसाच्या कामात मी त्यांची नको तेवढी स्तुती केली. कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात मॅनेजर म्हणून त्यांची बदली होणार होती. त्यांच्या व्हिसाचा अर्ज तयार करणाऱ्या वकीलबाईंनी आमच्या ठाण्याच्या ऑफिसात फोन करून मला विचारलं, "मॅडम नेमकं काय करतात?"

मी छाती फुगवून सांगितलं, "सगळं! आम्हाला कशाला हात लावू देत नाहीत."

"मग अडलंच," वकीलबाई म्हणाल्या. "हा व्हिसा लोकांकडून काम करून घेणाऱ्यांना मिळतो."

खोटं मी बोललो नव्हतो. आमचं काही चुकलं की मॅडम "सरक रे, मी करते" म्हणत आमच्याच खुर्चीत बसायच्या. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याच काढायच्या. दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक डोंबिवलीहून त्याच आणायच्या, आणि कापायच्याही त्याच.

फोनचं कळल्यावर त्या चिडल्या नाहीत. "जायचं म्हणजे जायचं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी खुर्ची ओढून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागल्या. मी चुकीचं बटण दाबलं की त्यांचा खांदा उडायचा, पण हात काही बाहेर यायचा नाही. "परत बघ," म्हणायच्या. करता करता अख्खा रिपोर्ट मी एकट्याने केला.

वकीलबाईंचा पुन्हा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर घेतला.

"लोकांकडून काम करून घेता, याला पुरावा काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, हा काम करायला लागलाय. अजून काय पुरावा पाहिजे?"